हॉलंडबाईंविरुद्धचं पत्र

१

सोमवारी सकाळी डीन व्हिटेकर यांच्या टपालाच्या खणात एक बिनसहीचं पत्र सापडलं, आणि दुपार व्हायच्या आत स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या प्रोफेसर लॉरा हॉलंड यांना स्वतःच्याच वर्गात पाऊल टाकायला बंदी झाली.

अमेरिकेतल्या पिस्कॅटवेहून गाडीने अर्ध्या तासावर असलेलं ते कॉलेज तसं लहान. बातमी सगळीकडे पोचली होती. तरी मंगळवारी दुपारी डीननी बोलावलं तेव्हा ऋता सोहोनीला आश्चर्य वाटलं. तिचा आणि चौकशांचा काही संबंध नव्हता. शिक्षकांना शिकवण्यात मदत करणारं एक दोन खोल्यांचं केंद्र ती चालवायची. मूळची सांगलीची, अमेरिकेत येऊन एकवीस वर्षं झालेली. गेली दोन वर्षं तिचा एक अभ्यास चालू होता. देशोदेशींच्या चौसष्ट विद्यार्थ्यांना तिने समोर बसवून एकच प्रश्न विचारला होता: वाईट शिकवणं म्हणजे तुमच्या मते काय? एकाचा वाईट शिक्षक दुसऱ्याला देवमाणूस वाटत होता. ती सगळी उत्तरं तिने देशवार रकान्यांच्या एका टेबलमध्ये मांडली होती आणि त्या टेबलचा तिला अभिमान होता.

"तू या मुलांना ओळखतेस," डीन म्हणाले आणि त्यांनी पत्र पुढे सरकवलं.

पत्र इंग्रजीत, टाइप केलेलं होतं. लिहिणारा म्हणत होता: मी मागच्या वर्षी भारतातून आलो. आमच्याकडे शिक्षक शिकवतात आणि विद्यार्थी ऐकतात. प्रोफेसर हॉलंड मात्र आम्हालाच प्रश्न विचारतात आणि उत्तर सांगत नाहीत. उत्तर चुकलं तरी 'गुड ट्राय' म्हणतात, त्यामुळे चुकलं कुठे ते कळत नाही. आमचा पेपर वीसपैकी असतो, चौदा मिळाले तरी घरी आनंद होतो. इथे सगळ्यांना नव्वदच्या वर मिळतात, मग आपण नक्की कुठे आहोत हे समजणार कसं? आणि अठरा फेब्रुवारीला त्यांनी माझ्या उच्चारांची नक्कल केली. सगळा वर्ग हसला. तेव्हापासून मला त्या वर्गात बसवत नाही.

"वर्गात बावीस मुलं आहेत," डीन म्हणाले. "नकलेचा प्रकार घडलाच नाही असं एकवीस जणांनी सांगितलं. बाविसावा गप्प आहे. त्या वर्गात भारतातून आलेला तेवढा एकच. परीक्षित उमाळे. खोटा आरोप केल्याचं सिद्ध झालं तर आमच्या नियमाप्रमाणे एक वर्ष निलंबन."

म्हणजे स्टुडंट व्हिसाही गेला, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.

"शुक्रवारी अकराला हिअरिंग आहे. त्याआधी तू त्याच्याशी बोलावंस असं मला वाटतं. हॉलंडचं नाव पर्मनंट जागेसाठी समितीपुढे जाणार होतं, तेही थांबलंय. आणि एक गोष्ट. कागदावर उमटलेल्या रेघेवरून पत्र दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरमधलं दिसतंय. रविवारी तो मजला बंद असतो. शिक्षक किल्लीने उघडतात, पण विद्यार्थ्याला कार्ड लावावं लागतं आणि त्याची नोंद राहते. या रविवारी दुपारी एकच कार्ड लागलं."

ते कोणाचं, हे ऋताने विचारलं नाही. पत्र वाचताना तिला प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटलं होतं. हे आपल्याकडच्याच मुलाने लिहिलंय, असं पहिल्याच वाचनात तिच्या मनाने घेतलं होतं.

बाहेर कॉरिडॉरमध्ये देवांग बिवलकर भेटला. इथल्याच एडिसन गावात जन्मलेला, एकतीस वर्षांचा. सहा वर्षं इथे वर्षावर्षाच्या कॉन्ट्रॅक्टवर शिकवत होता. त्याची आई दीपा ही ऋताची इथली सगळ्यात जुनी मैत्रीण. मराठी मंडळाच्या बालनाट्यात देवांग उंदीर झाला होता, तेव्हापासून ती त्याला पाहत होती.

"मावशी, लॉराचा क्लास मला घ्यायला सांगितलाय," तो म्हणाला. "आय फील टेरिबल. बिचारी."

२

परीक्षित बुधवारी सकाळी आला. बारीक अंगाचा, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली, पाठीवरची बॅग आता छातीशी धरलेली. बस म्हणेपर्यंत तो उभाच राहिला.

"मराठीत बोल," ऋता म्हणाली. "पत्र तू लिहिलंस?"

"नाही मॅडम."

"मग डीनना तसं का नाही सांगितलंस?"

"त्यांनी ते विचारलंच नाही ना जी. ते म्हणाले, तू असं का केलंस ते सांग. आता एवढा मोठा माणूस समोर बसून बोलून राहिला, त्याला तोंडावर कसं म्हणायचं की तुम्ही चुकताय?"

हे ऋताला कळत होतं. डीनना कळणार नव्हतं. त्यांच्या लेखी गप्प बसणं म्हणजे कबुली होती.

"हॉलंडबाई कशा शिकवतात?"

तो पहिल्यांदा मान वर करून बोलला. "खरं सांगू? पहिले दोन महिने मला वाटलं, यांना काही येतच नाही. शंका विचारली की म्हणतात, तुला काय वाटतं? मला काही वाटत असतं तर विचारलं असतं काय? नागपूरला आमचे सर दोन फळे भरून लिहायचे. उतरवून घेतलं की माणूस निश्चिंत."

"आणि आता?"

"आता थोडं थोडं..." तो थांबला. "मिडटर्मला एकाहत्तर दिले त्यांनी. मी भांडलो. कॉरिडॉरमध्येच. लोकांनी ऐकलं ते."

"रविवारी दुपारी दुसऱ्या मजल्यावर काय करत होतास?"

"मी नव्हतो."

"कार्डाची नोंद आहे, परीक्षित."

तो बुटांकडे बघत राहिला. "अभ्यासाला बसलो होतो."

एवढा वेळ तो खरं बोलत होता आणि आता नव्हता. कान लाल झाले होते त्याचे. तो उठला, तशी बॅगची अर्धवट लागलेली चेन उसवल्यासारखी सरकली आणि आतून कोऱ्या करकरीत छापील कागदांचा गठ्ठा डोकावला. त्याने तो झटकन आत कोंबला.

"काय आहे ते?"

"काही नाही मॅडम," तो म्हणाला आणि दार नीट न लावताच निघून गेला.

३

दुपारी ऋता हॉलंडबाईंच्या वर्गातल्या आणखी दोघांशी बोलली.

मेई चेंगडूहून आली होती. तिच्या मते हॉलंडबाई तयारीच करून येत नाहीत. "गटात बसवतात. शेजाऱ्याचं चुकीचं उत्तर ऐकायला मी एवढ्या लांब आले नाही," ती शांतपणे म्हणाली.

"मग तक्रार केलीस?"

मेईला प्रश्नच समजला नाही. "कशाला? समजलं नाही तर मी कमी पडले. मी घरी जाऊन व्हिडिओ बघते."

टायलर पेनसिल्व्हेनियाचा. त्याला हॉलंडबाई आवडायच्या. "ईमेलला उत्तर द्यायला चार-चार दिवस लावतात, ते मात्र वाईट. मी सांगितलं त्यांना."

"तोंडावर?"

"हो. मग कुठे सांगायचं?"

ऋता परत ऑफिसकडे चालत आली तेव्हा काहीतरी खुपत होतं. तिच्या टेबलप्रमाणे मेईने वेगळं काहीतरी बोलायला हवं होतं, टायलरनेही. ही दोन्ही मुलं तिच्या रकान्यांत नीट बसत नव्हती. परीक्षित तर 'आता थोडं थोडं' म्हणून अर्ध्यातच थांबला होता. चपखल बसत होतं ते फक्त पत्र.

ऑफिसात अनिका संगणकासमोर होती. बावीस वर्षांची, इथेच वाढलेली. ऋताच्या मुलाखती टाइप करून देण्याचं काम करायची. ऋता मागून आली तेव्हा अनिकाने एक फाइल निवडली आणि उडवली.

"काय डिलीट केलंस?"

अनिका दचकली. "ओल्ड ड्राफ्ट. तो रॉन्ग होता ना, सो कन्फ्यूजन नको."

"आजच का?"

"असंच. क्लीन अप करत होते."

तिने नजर वर केली नाही. ऋताने सहज विचारल्यासारखं विचारलं, "हॉलंडबाईंचा कोर्स कधी घेतला होतास का गं?"

"नो," अनिका म्हणाली. जरा जास्तच लवकर.

अनिका घरी गेल्यावर ऋताने मागच्या वर्षीच्या वर्गांच्या याद्या उघडल्या. हे आपण करू नये असं वाटत असतानाच तिने केलं. हॉलंडबाईंच्या वर्गात सहाव्या ओळीवर अनिकाचं नाव होतं. पुढे ग्रेड: सी प्लस.

४

गुरुवारी सकाळी हॉलंडबाई कॉलेजजवळच्या कॉफीच्या दुकानात भेटल्या. पंचेचाळिशीच्या, केस कसेतरी बांधलेले. तीन दिवसांत त्यांना धड झोप लागली नसावी.

"मला नक्कल करताच येत नाही," त्या म्हणाल्या. "ते सोड. मला एवढंच सांग, मी वाईट शिकवते का?"

काल दिवसभर ऋता या बाईंच्या शिकवण्याबद्दल सगळ्यांना विचारत होती, पण वर्गात जाऊन त्यांना शिकवताना तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

"पत्रात एक गोष्ट विचित्र आहे," हॉलंडबाईच पुढे म्हणाल्या. "सगळ्यांना नव्वदच्या वर मिळतात म्हणे. माझ्या वर्गात तसे तिघंच आहेत. मिडटर्मची सरासरी चौऱ्याहत्तर आहे. मुलं माझ्यावर चिडतात ती मी कमी मार्क देते म्हणून."

ऋताच्या हातातला कप टेबलावर टेकला. एकाहत्तर मार्कांवरून कॉरिडॉरमध्ये भांडणारा परीक्षित असं वाक्य का लिहील? जिला स्वतःला सी प्लस मिळाला ती अनिका तरी का लिहील? हे लिहिणारा त्या वर्गात कधी बसलाच नव्हता.

"पर्मनंट जागेसाठी आणखी कोण होतं?" तिने विचारलं.

"शेवटी दोनच नावं उरली होती. माझं आणि देवांगचं."

"देवांग असं करणार नाही."

"मी त्याचं नाव घेतलं नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

गाडीत बसल्यावर ऋताला हॉलंडबाईंचाच राग आला. किती सहज नाव टाकून गेल्या. मग आठवलं, नाव त्यांनी टाकलं नव्हतं. संशय तिच्याच मनात उठला होता. मागच्या दिवाळीत तापाने फणफणलेल्या ऋताला याच मुलाने दवाखान्यात नेलं होतं. शिवाय भारतातल्या विद्यार्थ्याच्या तक्रारी देवांगला कुठून सुचणार? त्याला चार वाक्यं सलग मराठीत बोलता येत नव्हती.

ऑफिसच्या दाराशी परीक्षित उभा होता. त्याच्या हातात तो कागदांचा गठ्ठा होता.

"मॅडम, तुम्हाला दाखवून टाकतो," तो म्हणाला. "आता लपवून काही फायदा नाही."

५

गठ्ठ्यात त्याच्या रेझ्युमेच्या प्रती होत्या. जवळजवळ चाळीस.

"शनिवारी करिअर फेअर आहे. लायब्ररीत पानाला पंधरा सेंट घेतात. डिपार्टमेंटचा प्रिंटर फुकट, पण विद्यार्थ्यांना वापरायची परवानगी नाही. पकडलं तर काय करतील म्हणून बोललो नाही."

ऋताला हसावं की रागवावं कळेना. "तू तिथे होतास तेव्हा आणखी कोणी होतं?"

"दिसलं नाही कोणी. पण मी गेलो तेव्हा मजला उघडाच होता जी. दिवे चालू, प्रिंटर गरम. कार्ड उगाच लावलं मी."

कोणीतरी किल्लीने आधीच आत आलं होतं.

तो गेल्यावर ऋताने पत्राची प्रत आणि स्वतःचं टेबल शेजारी शेजारी ठेवलं. भारताच्या रकान्यात बोट फिरवलं. 'शिक्षक शिकवतात आणि विद्यार्थी ऐकतात.' पत्रात होतं, टेबलातही होतं. 'गुड ट्राय म्हणतात, चुकलं कुठे ते कळत नाही.' दोन्हीकडे, शब्दाला शब्द. तिचं बोट खाली आलं आणि थांबलं. वीसपैकी पेपर, चौदा मिळाले तरी आनंद: हे भारताच्या रकान्यात कुठेच नव्हतं.

आणि असणार कसं? वीस मार्कांच्या ट्यूटोरियल्स तिनेही दिल्या होत्या, म्हणून ते वाक्य डोळ्यांखालून सहज निसटलं होतं. पण आमचा पेपर वीसपैकी असतो, असं भारतात वाढलेला कोण म्हणेल? तिथे सगळा जन्म शंभरावर मोजतात.

तरी हे वाक्य तिने ऐकलेलं होतं. नक्की ऐकलेलं होतं.

ती रेकॉर्डिंग्ज लावत सुटली. दीड तासाने सापडलं. सेनेगलमधल्या डाकारहून आलेली आमिनाता, मागच्या ऑक्टोबरात. हसऱ्या आवाजात ती सांगत होती, "आमचा पेपर वीसपैकी असतो. चौदा मिळाले तरी घरी आनंद होतो. इथे सगळ्यांना नव्वदच्या वर मिळतात, मग आपण नक्की कुठे आहोत हे समजणार कसं?"

ऋता खुर्चीत मागे टेकली. पत्र ओळखीचं वाटलं होतं ते भारतीय मुलाने लिहिलं म्हणून नव्हे. त्यातलं एकेक वाक्य तिने स्वतः वेचून टेबलात भरलं होतं. कोणीतरी तिच्याच कागदावरून एक विद्यार्थी तयार केला होता.

पण सेनेगलचं वाक्य भारताच्या तोंडी कसं गेलं?

तिने अनिकाला फोन लावला. "तो जुना ड्राफ्ट रॉन्ग होता म्हणालीस. काय चुकलं होतं त्यात?"

"तुम्ही सॉर्ट केलं तेव्हा एक रो सरकली होती. आमिनाताचा आन्सर इंडियासमोर गेला होता. मी मंडेला ऑडिओशी चेक करून फिक्स केलं. तुम्हाला सांगितलं होतं."

सांगितलं होतं. ऋता बरं म्हणून पुढच्या कामाला लागली होती.

"आणि हॉलंडबाईंचा कोर्स?"

"मी घरी सांगितलंय की मी तो ड्रॉप केला. तुम्ही आईला मंडळात भेटता ना. प्लीज."

"नाही सांगणार. अनिका, ती चूक असलेला ड्राफ्ट कोणाकोणाकडे होता?"

"डीनच्या ऑफिसला करेक्टेड गेला. रॉन्गवाला तुमच्याकडे, माझ्याकडे... आणि फ्रायडेलाच तुम्ही कोणाला तरी फॉरवर्ड केला होता ना? कोणीतरी वाचायला मागितला म्हणून?"

अनिकाने तर आमिनाताची मुलाखत स्वतः टाइप केली होती; ते वाक्य भारतातलं नाही हे तिला माहीत होतं. राहिला तिसरा. ऋताने पाठवलेल्या मेलची यादी उघडली. बघायची खरं तर गरज नव्हती.

६

शुक्रवारी सकाळी नऊला देवांग त्याच्या खोलीत पेपर तपासत होता. तिला पाहून उठला, खुर्ची पुढे ओढली.

"मावशी, कॉफी?"

"नको. मला एक सांग. तुझ्या बाबांना दहावीला किती मार्क होते?"

तो हसला. "एटी-नाइन. डॅड हे कोणालाही सांगतात. मेलमनला पण सांगितलंय."

"कितीपैकी?"

"हंड्रेडपै..." तो बोलता बोलता थांबला. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं.

ऋताने पत्राची प्रत टेबलावर ठेवली. त्या एका ओळीखाली तिने पेन्सिलने रेघ मारली होती. "हे वाक्य एका सेनेगलच्या मुलीचं आहे. माझ्या हातून ते भारतासमोर गेलं. ती चूक तीन दिवस टिकली, देवांग. त्या तीन दिवसांत तो कागद मी एकाच बाहेरच्या माणसाला पाठवला. तू म्हणाला होतास, माझ्या वर्गात बाहेरच्या देशांची मुलं आहेत, मला त्यांना नीट शिकवायचंय. मला किती बरं वाटलं होतं. आणि नंतर दुरुस्त केलेला कागद तुला पाठवायचा राहून गेला."

खिडकीबाहेर कोणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होतं.

"सहा वर्षं," तो इंग्रजीत म्हणाला. "दर मे महिन्यात पुढच्या वर्षी नोकरी आहे की नाही याची वाट बघायची. माझे विद्यार्थ्यांचे अभिप्राय लॉरापेक्षा खाली आहेत. मला फक्त तिचं नाव या मीटिंगपुरतं थांबवायचं होतं. तक्रारींनी ते थांबलं नसतं, म्हणून ते नकलेचं घातलं. चौकशी झाली असती, काही निघालं नसतं, ती परत वर्गात आली असती."

"आणि परीक्षित?"

"तो माझ्या डोक्यातच नव्हता. मला माहीत नव्हतं की त्या वर्गात एकच भारतीय आहे. आधी मी नुसतं 'इंटरनॅशनल स्टुडंट' लिहिलं होतं. ते खोटं वाटत होतं. मग म्हटलं, इंडिया लिहू. निदान तेवढं तरी मला माहीत आहे."

ऋताला त्याचा संताप आला होता, तरी हे ऐकून आत काहीतरी हललं.

"बाबा तुला लहानपणापासून सांगत आले, ते तुझ्या लक्षात राहिलं नाही. माझं टेबल मात्र खरं वाटलं."

"तू त्यात एक्स्पर्ट आहेस, मावशी."

"मंगळवारपासून एक मुलगा घरी काय सांगायचं या विचारात जेवत नाहीये. तू रोज त्याचा वर्ग घेत होतास. त्याच्या तोंडाकडे बघत होतास."

देवांगने चष्मा काढून ठेवला. "आईला कळेल?"

"अकराला हिअरिंग आहे," ऋता म्हणाली. "तू स्वतः डीनकडे जा. साडेदहापर्यंत तू गेला नाहीस तर मी जाईन."

दहा वाजून बारा मिनिटांनी तो उठला. ऋता तिथेच बसली होती, घड्याळाकडे बघत. कोट न घालताच तो बाहेर पडला.

७

हिअरिंग रद्द झालं. सोमवारी हॉलंडबाई परत वर्गावर गेल्या. देवांगने राजीनामा दिला. डीननी तो त्याच दिवशी मंजूर केला आणि बाकी काय करायचं ते कॉलेजच्या वकिलांवर सोपवलं.

दीपाचा फोन शनिवारी आला. ती रडली नाही, ओरडलीही नाही. "आधी माझ्याकडे का नाही आलीस, ऋता? एक दिवस आधी?" एवढंच विचारलं. ऋताने उत्तर जुळवेपर्यंत फोन बंद झाला होता. त्यानंतर तिने केलेले चार फोन कोणी उचलले नाहीत.

ऋताने टेबल रिपोर्टातून काढून टाकलं. चौसष्ट मुलाखती आता नावं बदलून, देशवार गोळाबेरीज न करता, अख्ख्याच्या अख्ख्या जायच्या होत्या. डीन म्हणाले, एवढं कोण वाचणार? ती म्हणाली, नाही वाचलं तर नाही.

मंगळवारी परीक्षित आला. जॅकेटची चेन आज उघडी होती. आभार मानायला आला असेल असं वाटून ती मोकळेपणाने हसली. तो हसला नाही. या वेळी बस म्हणायची वाट न बघता समोर बसला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार ना."

"पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला काय वाटलं होतं? मीच लिहिलं असं?"

नाही म्हणणं सोपं होतं. शेवटी तिनेच त्याला सोडवलं होतं. पण तो तिच्या तोंडाकडे बघत होता. आजवर त्याने तिच्याकडे असं बघितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "पहिल्या वाचनातच."

"मला न भेटता?"

"न भेटता."

त्याने मान हलवली. उत्तर त्याला आधीच माहीत असावं. "डीनचं समजू शकतो जी. ते मला ओळखत नाहीत. तुम्ही तर आम्हाला ओळखण्याचंच काम करता." तो थांबला, मग एका दमात बोलून गेला, "मला त्याबद्दल तक्रार द्यायची आहे. डीनबद्दल आणि तुमच्याबद्दल. मेईला विचारलं, ती म्हणाली जाऊ दे. टायलर म्हणाला, फॉर्म असतो."

या कॉलेजातल्या नऊ वर्षांत तिच्याविरुद्ध कोणी अवाक्षर लिहिलं नव्हतं. तिने कपाटातून फॉर्म काढला आणि त्याच्यासमोर ठेवला.

"हा विद्यार्थी लोकपालांकडे जातो. तळमजल्यावर, जिन्याच्या उजवीकडे. माझ्या हातात देऊ नकोस, डीनच्याही नाही. नाव घालायची सक्ती नाही."

"पेन आहे का मॅडम?"

तिने पेन दिलं. त्याने फॉर्म सरळ करून घेतला, आणि नावाच्या जागी स्वच्छ मोठ्या अक्षरांत, वडिलांच्या नावासकट, आपलं पूर्ण नाव लिहिलं.